चिबडाचं पडीक

विसाव्या वर्षी मी गावच्या ठरावात ‘चिबड’च्या जागी ‘पडीक’ असं लिहिलं. चूक म्हणाल तर एवढीच. तीन अक्षरांच्या जागी तीन अक्षरं. त्यापायी आमच्या लव्हाळीचा एक कोपरा मुरमाखाली गेला, खालच्या आळीची विहीर जाता जाता राहिली, आणि मला आजतागायत गावात कुणी ठराव लिहू देत नाही. ग्रामसभेत मी पेन उघडलं तरी मागून कुणीतरी खोकतं. हे पुस्तक लिहायला घेतलंय हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही, ते त्याच भीतीनं.

आमचं गाव कामशेत आणि मळवलीच्या मधे, रुळांपासून थोडं आत. मागच्या डोंगरावरून एक ओढा येतो. तो सरळ इंद्रायणीला जाऊन मिळाला असता तर हे प्रकरण लिहायचं कारणच नव्हतं. पण नदीच्या अलीकडे एक खोलगट सपाटी आहे, तिथं येऊन तो पसरतो, रेंगाळतो, पाहुणा जेवल्यावर ओसरीवर लवंडतो तसा. त्या जागेला आम्ही लव्हाळी म्हणतो, कारण लव्हाळा तिथं पुरुषभर माजतो. पावसाळ्यात तिचं तळं होतं. दिवाळीला गुडघाभर चिखल. आणि मे महिन्यात वरून अशी वाळते की परक्याला वाटावं, हे क्रिकेटचं मैदान आहे. पण ते नुसतं वरून. आत ती पाणी धरून असते, आणि ते पाणी थेंबाथेंबानं खालच्या आळीच्या विहिरीला देत राहते. वरच्या आळीच्या विहिरी गुढीपाडव्यानंतर तळ दाखवायच्या. आमच्या विहिरीत उन्हाळाभर घागर बुडायची. अशा जमिनीला, जी वर कोरडी दिसली तरी आतून ओली असते, जिच्यात नांगर रुततो आणि बैल बसकण मारतो, आमच्याकडे शब्द आहे: चिबड. शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द थोडा नाराजीनं येतो. पण लव्हाळीबद्दल बोलताना तो नाराजीचा नव्हता. घरातल्या हट्टी म्हातारीबद्दल बोलावं तसा होता.

आमचं घर खालच्या आळीत, दुकानाच्या मागं. दुकान म्हणजे गूळ, चहापत्ती, साबण, बिड्या, दोरखंड, आणि एका बरणीत लिमलेटच्या गोळ्या, ज्या गिऱ्हाइकांपेक्षा मीच जास्त संपवल्या. घरात आम्ही मराठीच बोलायचो. अब्बांना फक्त शिव्या हिंदीतून सुचायच्या, त्यामुळे ते हिंदीत काही म्हणू लागले की मी आधी चपला शोधायचो. अम्मीचा दिवस विहिरीवर सुरू व्हायचा. पहाटे रहाटाचा करकरता आवाज, मग लव्हाळीतून पाणकोंबडीचं ‘कुवाक कुवाक’, मग अब्बांचा दुकानाची फळी काढतानाचा खडखडाट, आणि लांबून लोणावळ्याकडं जाणाऱ्या गाडीचा भोंगा. हे चार आवाज याच क्रमानं. क्रम चुकला की अम्मी म्हणायची, “आज काय बिघडलंय बघा.” आषाढात मासे ओढ्यानं वर चढायचे आणि लव्हाळीत अंडी घालायला थांबायचे. त्यातलेच चार मासे अम्मी चिंचेच्या कोळात करायची, सोबत आमच्या भागातला तो चिकट, वासाचा भात. मी बऱ्याच ठिकाणी जेवलोय, लग्नात, हॉटेलात, एकदा तर मंत्र्याच्या मागच्या पंगतीत. त्या भाताची सर कुठं आली नाही. अर्थात त्या वेळी मला त्याचं काही कौतुक नव्हतं. मला हॉटेलातली पावभाजी हवी असायची.

मासे द्यायची ती ठकूमावशी. लव्हाळीच्या काठावर करंजाचं झाड आहे, त्याच्या अलीकडे तिचं घर. एकटी, वय तिलाही माहीत नाही, दातांच्या जागी मिश्री. बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या विणून ती ओढ्याच्या तोंडाशी लावायची आणि सापडलेले मासे, खेकडे कामशेतच्या बाजारात नेऊन विकायची. मावशी लव्हाळीला कधी ‘जागा’ म्हणायची नाही. ‘ती’ म्हणायची. “आज ती फुगलीया.” “औंदा ती रुसलीया, मासं वर येऊ देईना.” पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, मावशीची कुणी जाऊ आहे. अम्मी आजारी पडली की मावशी खेकड्याचं कढण पाठवायची. अब्बा म्हणायचे, “आपल्यात खेकडा चालत नाही.” मावशी म्हणायची, “खेकडा न्हाई भाऊ, औषध हाय.” मग अब्बा दुकानात जाऊन बिड्यांचे कट्टे लावत बसायचे, अम्मीचं पिऊन होईपर्यंत.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी बारावी झालो होतो आणि मला वाटत होतं की मराठी भाषा माझ्या येण्याची वाट बघत थांबली होती. अक्षर चांगलं होतं, त्यात वाद नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर, श्रद्धांजलीचा फलक, शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, सगळं माझ्याकडे. ‘कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की’ हे वाक्य मी एक म्हैस हरवल्याच्या जाहिरातीतसुद्धा घातलं होतं. थोरला भाऊ युनूस देहूरोडला कामाला होता, तो सुट्टीला आला की माझे कागद वाचून म्हणायचा, “दस्तगीर, तू सरळ कधी लिहिणार?” मी त्याला अडाणी समजायचो.

त्या सुमारास घाटात नवा मोठा रस्ता होत होता आणि मुंबईच्या लोकांना अचानक आमचे डोंगर दिसायला लागले होते. गावामागच्या उतारावर एका प्लॉटवाल्या कंपनीनं जमिनी घेतल्या. त्यांचा साहेब पांढरी टोपी घालून यायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा, आणि एकदा माझा फलक वाचून म्हणाला, “हे अक्षर कुणाचं? वा!” मी आठवडाभर त्याच्या गाडीच्या आसपास दिसत होतो. त्याला उतारावर जायला रस्ता हवा होता. गावाच्या हद्दीतून दोन वाटा होत्या: एक वरून, टेकाडाला वळसा घालून, दुसरी सरळ, लव्हाळीवर भराव टाकून. त्यासाठी गावाचा ठराव लागत होता.

ग्रामसभा भरली. ग्रामसेवक भाऊसाहेबांचं बोट मोटारसायकलच्या चेनमध्ये सापडून पट्टी बांधलेलं. लिहिणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायला थोडा उशीर केला, लाजल्यासारखं दाखवायला. चर्चा तासभर चालली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, “रस्ता घ्या, पण वरनं घ्या. लव्हाळीत न्हाई. चिबड हाय ती.” हे मी ऐकलं, समजलो आणि मानही डोलावली. मग वहीवर वाकलो आणि अडलो. ‘चिबड’ हा शब्द सरकारी कागदावर? तालुक्याला जाणार हे. साहेब लोक वाचणार. म्हणतील, कोण हा गावंढळ? शुद्ध शब्द आठवू लागलो. नांगरता येत नाही, पीक घेता येत नाही, अशी जमीन म्हणजे काय? पडीक. मला माझाच अभिमान वाटला. मी लिहिलं: ‘लव्हाळी या नावाने ओळखली जाणारी जमीन पडीक असून तिचा शेतीस कोणताही उपयोग नाही. सबब रस्त्याचे काम योग्य त्या जागेवरून करण्यास ग्रामस्थांची हरकत नाही.’ ‘योग्य त्या जागेवरून’ म्हणजे वरून, असं माझ्या मनात होतं. मनातलं वहीत उमटत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते खड्या आवाजात वाचून दाखवलं. ‘सबब’ ऐकून दोन-तीन जणांनी माना हलवल्या. सह्या झाल्या, अंगठे उठले. प्लॉटवाल्या साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. जरा जास्तच जोरात मारली, असं नंतर वाटलं.

महिन्याभरात पहिला टिपर आला. मी दुकानात बसलो होतो. मुरूम ओतल्याचा आवाज इथवर आला, पण मला वाटलं, वरच्या वाटेवर टाकत असतील. दुसऱ्या दिवशी पाणकोंबडी ओरडली नाही. अम्मी म्हणाली, “आज काय बिघडलंय बघा.” तोवर ठकूमावशी दुकानाच्या फळीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात चिरडलेली टोपली होती.

“भाऊ,” ती अब्बांना म्हणाली, “तुमी समद्यांनी अंगठं दिलं म्हनं, लव्हाळी बुजवा म्हनून?”

“आम्ही? आम्ही तर वरनं जा म्हणालो.”

“टिपरवाला कागद दावतोय. म्हनं गावानंच लिवून दिलंय, पडीक हाय, कामाची न्हाई.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिमलेटच्या बरणीचं झाकण लावत होतो. ते लागत नव्हतं.

“काय लिहिलंस?”

“चिबडच. पण शुद्ध भाषेत.”

“शुद्ध भाषेत काय?”

“पडीक.”

अब्बा हिंदीत सुरू झाले. मावशीला सगळं कळलं नसावं, पण तिनं मान हलवून अनुमोदन दिलं. अम्मी मागच्या दारातून घागर घेऊन आत येत होती, ती तशीच थांबली. ती ओरडली नाही. घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “बाळ, उद्यापासनं पाणी तू आण. नदीवरनं. आत्तापासनं सवय लागलेली बरी.” नदी अर्ध्या कोसावर होती. तोवर लव्हाळी म्हणजे माझ्या लेखी बेडूक आणि डास. विहीर म्हणजे विहीर. दोन्हींच्या मधे काही धागा आहे, हे मी रोज त्या पाण्यानं तोंड धूत असूनही पाहिलं नव्हतं.

तालुक्याला जाऊन मी अर्ज दिला. साडेचार पानी. त्यात ‘निसर्ग’ हा शब्द अकरा वेळा होता. कचेरीतल्या लिपिकानं पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं, मधली तीन पानं बोटानं चाचपली आणि विचारलं, “म्हणणं काय आहे?”

“जमीन पडीक नाही. शब्द चुकलाय.”

“कुणाचा?”

“लिहिणाऱ्याचा.”

“तो कुठंय?”

मी घसा साफ केला. तो माणूस भला होता, हसला नाही. म्हणाला, “कागदानं झालेलं कागदानं लगेच फिरत नाही. महसूलचे सर्कल साहेब स्वतः पाहणीला येतील. तोवर भराव थांबवायला सांगतो. पण ते येणार मे महिन्यात. तेव्हा जमीन ओली दाखवा म्हणजे झालं.”

मे महिन्यात! मी गावात आलो तो तोंड पाडून. लव्हाळीवर तेव्हा वीतभर रुंद भेगा पडलेल्या असतात. मी मावशीला सांगितलं. ती टोपली विणत होती, मान वर न करता म्हणाली, “येऊ दे की. तिला काय दावायचं हाय त्ये ती दावंल. तू निस्ता गप ऱ्हा. करंजाच्या डाव्या अंगानं म्हशींची वाट हाय, तिकडनंच त्यास्नी न्यायचं. उजव्या अंगाला जायाचं न्हाई. आन् तोंड उघडायचं न्हाई.”

दोन्ही गोष्टी सोप्या होत्या. मी दोन्ही पाळल्या नाहीत.

युनूसभाईनं देहूरोडच्या बाजारातून, जुन्या मालाच्या गाड्यावरून, मला गमबूट आणून दिले होते. एक नंबर मोठे. सर्कल साहेब आले त्या सकाळी मी ते घातले, शर्ट इस्त्रीचा, खिशात साडेचार पानांची सुधारित आवृत्ती. सर्कल साहेब बारीक, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. प्लॉटवाला साहेब टोपी घालून हजर. अब्बा, खालच्या आळीचे दहा-बारा लोक, आणि करंजाच्या सावलीत दोन पाय पसरून बसलेली ठकूमावशी, शेजारी म्हशीचं दावं गुंडाळून ठेवलेलं. तिनं ते दावं का आणलं होतं, हे मी तिला नंतर कितीदा तरी विचारलं. ती म्हणायची, “तू येनार व्हतास म्हनून.”

प्लॉटवाल्या साहेबानं काठावर उभं राहून बुटाची टाच आपटली. खण्‌ आवाज आला. “बघा साहेब. भेगा बघा. मैदान आहे मैदान. गावानंच लिहून दिलंय पडीक म्हणून, आम्ही आमच्या मनानं आलोय का?”

सर्कल साहेबांनी ठरावाची नक्कल उघडली. “हे कुणी लिहिलं?”

सगळ्यांची बोटं माझ्याकडे.

“मग तुम्हीच सांगा. काय आहे ही जमीन?”

एवढ्या लोकांसमोर मला कुणी प्रश्न विचारला आणि मी गप्प बसलो, असं आजवर घडलेलं नाही. मी खिशातून कागद काढले. काठावरून बोलणं शोभेना, म्हणून लव्हाळीत चार पावलं उतरलो. भाषण म्हटलं की तोंड लोकांकडे हवं, म्हणून वळलो, आणि त्यांच्याकडे बघत, वाचत, उलट्या पावलांनी आत चालू लागलो. करंजाच्या डाव्या अंगानंच चाललो होतो. माझ्या डाव्या. आता उलटा चालणाऱ्या माणसाची डावी बाजू कोणती, हे मी इतक्या वर्षांनी कागदावर काढून पाहिलंय. तेव्हा मात्र माझं सगळं लक्ष ‘आदरणीय महोदय’मध्ये होतं.

“आदरणीय महोदय,” मी म्हणालो, “निसर्गाने आपल्याला बहाल केलेला हा अमूल्य—”

आणि ‘ठेवा’ म्हणायच्या आत मी कमरेपर्यंत खाली होतो.

आवाज झाला नाही, हे मला अजून आठवतं. वरची पापडी बिस्किटासारखी मोडली आणि आतलं गार, काळं, लोण्यासारखं काहीतरी माझ्या दोन्ही पायांभोवती मिटलं. अब्बा धावले. मावशी तिथूनच ओरडली, “भाऊ, थांबा! तिकडं नगं, तुमीबी जाशीला. दस्त्या, हलू नगंस. जेवडा हलशील तेवडी ती आत घेती.” मी हललो. ती आत घेत गेली. कागद मात्र मी हातात उंच धरले होते, ते भिजू नयेत म्हणून. लोकांनी हे लक्षात ठेवलंय. आजही लग्नात कुणी आहेर उंच धरून नेला की म्हणतात, दस्तगीर निघाला.

दावं फेकलं गेलं. म्हशींच्या वाटेवर उभं राहून पाच जणांनी ओढलं. त्यात सर्कल साहेबसुद्धा होते, बाह्या वर करून. मी निघालो तो बाटलीचं बूच निघावं तसा. उजवा बूट पायात आला. डावा आला नाही. तो अजून तिथंच आहे. हल्ली पुण्याच्या कॉलेजातली मुलं येतात, दुर्बिणी लावून पक्षी मोजतात, चिखलाचे नमुने बाटल्यांत भरतात. काठावर पाटीही लागलीय, तिच्यावर ‘पाणथळ’ असा स्वच्छ शब्द आहे. आता पाऊस पूर्वीसारखा चार महिने पुरवून पडत नाही. चार दिवसांत सगळा ओतून जातो आणि मग तीन आठवडे तोंड दाखवत नाही. तसा ओतला की वरच्या उतारावरच्या बंगल्यांच्या पोर्चमधून गाड्या तरंगायला लागतात, आणि खालच्या आळीत मात्र पाणी शिरत नाही, कारण लव्हाळी ते पोटात घेते. मधल्या खंडात विहीरही तीच सांभाळते. मुलं हे सगळं मला आलेख काढून समजावतात आणि मी मान डोलावतो. एकदा एका मुलीनं विचारलं, “काका, इथं चिखलात रबराचे अंश सापडतायत, कशाचे असतील?” मी म्हणालो, “अभ्यासाचा विषय आहे.”

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी चिखलानं माखलेला, एका पायात बूट, म्हशींच्या वाटेवर बसलो होतो. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या भोकाकडे बघत होते. म्हणजे, मी जिथून निघालो त्या खड्ड्याकडे. त्यात पाणी चढत होतं. आधी काळं, मग गढूळ, मग बघता बघता वरचं बोटभर निवळ. त्यातून एक खेकडा बाहेर आला, आमच्या सगळ्यांकडे पाहून त्याला काही विशेष वाटलं नाही, तो परत आत गेला. सर्कल साहेब उकिडवे बसले. पाण्यात बोट बुडवलं. वर आभाळाकडे पाहिलं. भर मे, ढगाचा पत्ता नाही.

“हे पाणी जातं कुठं?” त्यांनी विचारलं.

“खालच्या हिरीत,” मावशी म्हणाली. ती आता उठून आली होती. “तितं ह्याची आई रहाट वडती. जावा, बगून या. हितं मुरूम टाकला की तितं रहाट खुटीला.”

सर्कल साहेब खरंच गेले. विहिरीत वाकून पाहिलं, अम्मीनं दिलेलं तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायले, परत आले. मग प्लॉटवाल्या साहेबाला म्हणाले, “तुमची गाडी जरा इकडं घेता का? मैदानावर?”

साहेबानं टोपी काढून घाम पुसला. “नको. राहू दे. नवी आहे.”

“मग टिपर कसा नेणार होतात?”

साहेबानं टोपी परत डोक्यावर चढवली. सर्कल साहेब करंजाखाली बसले, मांडीवर पाहणीचा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. सगळे भोवती गोळा झाले. “भराव काढायचा आणि रस्ता वरून, असा शेरा मारतो,” साहेब म्हणाले. “पण ठरावात शब्द पडलाय, पडीक. त्याचं काय करू? काय लिहू तिथं?”

मला शब्द माहीत होता. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर शब्द, बरोबर जागी, बरोबर वेळी. मी चिखलाचा हात वर केला. “साहेब, तिथं—”

“तू थांब,” ठकूमावशी म्हणाली. तिनं मला वरपासून खालपर्यंत, बुटाच्या पायापासून बिनबुटाच्या पायापर्यंत पाहिलं, आणि मग साहेबांकडे वळली.

“पडीक ऱ्हाऊ द्या की सायेब. निस्तं जमिनीच्या म्होरनं काढा, आन् ह्याच्या नावाम्होरं लिवा.”